पुरवठा साखळी सुधारली की नफा खरोखर वाढतो का?

आपण लिहिले आहे की वडिलांनी भोसरीत उभा केलेला मशीनिंगचा कारखाना आता आपण पाहता. वार्षिक विक्री २४ कोटींवर गेली आहे, तरीही कॅश क्रेडिटची (बँकेच्या खेळत्या कर्जाची) मर्यादा महिन्याच्या पंधरा तारखेलाच संपते आणि चाकणच्या मुख्य ग्राहकाकडून उशिराबद्दल डेबिट नोटा (बिलातून केलेल्या कपातीच्या चिठ्ठ्या) येऊ लागल्या आहेत. स्टोअरमध्ये आणि शॉप फ्लोअरवर मिळून ३ कोटींचा माल पडून आहे, वर्षाची मालखरेदी १५ कोटींची आहे, निव्वळ नफा ४ टक्क्यांच्या आसपास आहे आणि पुरवठादारांना पैसे साधारण ९० दिवसांनी मिळतात. एका सल्लागाराने जस्ट-इन-टाइम (साठा न करता लागेल तेव्हाच माल आणण्याची पद्धत) आणि नवे सॉफ्टवेअर असा प्रस्ताव दिला आहे आणि आपला प्रश्न असा आहे की पुरवठा साखळीच्या या पद्धतींनी कंपनीची कामगिरी खरोखर सुधारते, की हे मोठ्या कंपन्यांचे चोचले आहेत.

मी पुण्याच्या वाहनउद्योग पट्ट्यात खरेदी आणि मटेरियल प्लॅनिंगमध्ये २६ वर्षे काढली आहेत आणि गेली काही वर्षे आपल्याएवढ्याच कारखान्यांचे काम पाहते. आपल्या पत्रातला मूळ प्रश्न मला जरा वेगळा दिसतो. ३ कोटींचा माल हाताशी असताना गाडी उशिरा जाते, याचा अर्थ माल कमी नाही. हवा तो माल हवा तेव्हा नाही आणि नको तो माल भरपूर आहे. साठा जास्त असणे आणि उशीर होणे या दोन तक्रारी आपण वेगवेगळ्या मांडल्या आहेत, पण त्या बहुतेक वेळा एकाच दुखण्याच्या असतात. ते दुखणे म्हणजे अनियमितपणा. कोणत्याही पद्धतीचा कामगिरीवर परिणाम होतो तो तिने हा अनियमितपणा घटतो म्हणून; ज्या पद्धतीने तो घटत नाही तिचे नाव कितीही मोठे असले तरी ताळेबंदात तिचा मागमूस दिसत नाही.

अभ्यासकांचे म्हणणेही थोडक्यात सांगते. या विषयावर सर्वाधिक उद्धृत होणाऱ्या संशोधनांपैकी एक २००६ साली प्रसिद्ध झाले. त्यात १९६ कंपन्यांकडून प्रश्नावली भरून घेतली होती आणि पुरवठादारांशी भागीदारी, ग्राहकांशी संबंध, माहितीची देवाणघेवाण, त्या माहितीचा दर्जा आणि उत्पादनाला अंतिम रूप देणे शक्य तितके पुढे ढकलणे या पाच गोष्टींचा स्पर्धेतील सरसतेशी आणि कामगिरीशी संबंध असल्याचे आढळले. निष्कर्ष मला मान्य आहे, पण अशा पाहणीत पद्धती किती पाळता हेही व्यवस्थापकच सांगतो आणि कामगिरी कशी आहे हेही तोच सांगतो. शिवाय चांगल्या चालणाऱ्या कंपनीला असल्या गोष्टींसाठी सवड असते, हे उलटे कारणही शक्य असते. मला अधिक पटतो तो हेंड्रिक्स आणि सिंघल या दोन अभ्यासकांचा पुरावा. त्यांनी अमेरिकेतील सूचिबद्ध कंपन्यांनी पुरवठ्यातील बिघाड जाहीर केल्याच्या ५१९ घटना घेतल्या आणि त्या बातमीसरशी भागधारकांच्या संपत्तीत सरासरी १० टक्क्यांहून थोडी अधिक घट झाल्याचे दाखवले. येथे कोणाच्या मताचा प्रश्न नाही, बाजारातला भाव आहे. मात्र आपली कंपनी सूचिबद्ध नाही, म्हणून आपल्याच आकड्यांकडे येते.

१५ कोटींच्या खरेदीवर ३ कोटींचा साठा म्हणजे सुमारे ७३ दिवसांचा माल. अर्धवट कामातली मजुरी त्यात धरलेली असेल तर दिवस थोडे कमी भरतील, पण ढोबळ हिशेबाला एवढे पुरे. हा साठा ४५ दिवसांवर आला तर तो १ कोटी ८५ लाखांचा होईल आणि १ कोटी १५ लाख मोकळे होतील. बँकेचे व्याज १०.५ टक्के धरले तर वर्षाला सुमारे १२ लाख वाचतात. आपल्या ४ टक्क्यांच्या नफ्यात तेवढे १२ लाख कमावण्यासाठी ३ कोटींची जादा विक्री आणावी लागेल, आणि तीही नवी मशीन न घेता. डेबिट नोटा, ऐन वेळी केलेल्या खास टेम्पोची भाडी आणि रविवारचा ओव्हरटाइम यांची बेरीज आपण वर्षाला १४ लाख सांगितली आहे. त्यातले निम्मे वाचले तरी ७ लाख. म्हणजे दोन्ही मिळून १९ लाख, आणि आपला आजचा नफा ९६ लाख आहे. मोठ्या कंपन्यांचे चोचले की काय, या प्रश्नाचे उत्तर मला तरी या बेरजेत दिसते.

एक अडचण आधीच सांगून ठेवते, कारण ती सल्लागार सहसा सांगत नाहीत. साठा कमी झाला की बँकेला जाणाऱ्या स्टॉक स्टेटमेंटमधला आकडाही खाली येतो आणि ड्रॉइंग पॉवर, म्हणजे त्या मालाच्या तारणावर उचलता येणारी रक्कम, घटते. मी असे मालक पाहिले आहेत की जे केवळ मर्यादा टिकावी म्हणून चार वर्षांपूर्वी बंद पडलेल्या मॉडेलचे भाग स्टोअरमध्ये जपून ठेवतात आणि त्या मेलेल्या मालावर बँकेला व्याज भरत राहतात. ज्या मालातून पैसे सुटणार तो विकून किंवा वापरून कर्ज खरोखर खाली आले तरच व्याज वाचते, हे लक्षात ठेवावे.

आता साठा एवढा का साचतो, ते पाहू. समजा एका भागाच्या कास्टिंगची (ओतीव धातूच्या कच्च्या भागाची) खपत रोज सरासरी २०० नगांची आहे आणि ती सरासरीच्या मागेपुढे ४० नगांनी हलते. पुरवठादार सरासरी १२ दिवसांत माल देतो, पण कधी ७ दिवसांत, कधी १७ दिवसांत. म्हणजे त्याच्या वेळेतला चढउतार साधारण ५ दिवसांचा. ९५ टक्के वेळा माल कमी पडू नये असे वाटत असेल, तर नेहमीच्या सूत्राने राखीव साठा सुमारे १,६७० नगांचा ठेवावा लागतो. समजा आपण महागडे सॉफ्टवेअर घेऊन मागणीचा अंदाज अचूक केला, इतका की खपतीतला चढउतार शून्यावर आला. तरीही राखीव साठा १,६५० नगांचाच राहतो! वाचले फक्त २०. त्याऐवजी मागणीला हात न लावता पुरवठादाराच्या वेळेतला चढउतार ५ दिवसांवरून २ दिवसांवर आणला, तर राखीव साठा ७०० नगांवर येतो. आणि जो पुरवठादार १२ ऐवजी १८ दिवस घेतो, पण सांगितलेल्या दिवसाच्या फार तर एक दिवस मागेपुढे करतो, त्याच्यासाठी केवळ ४३० नग पुरतात. त्याची ऑर्डर सहा दिवस आधी द्यावी लागते, हे खरे. परंतु स्टोअर रिकामे होते आणि रात्रीची झोप परत मिळते.

हा हिशेब मी कित्येक खरेदी विभागांत फळ्यावर मांडला आहे आणि दर वेळी तेच घडते. माणसे म्हणतात की आम्ही तर पुरवठादार निवडताना दर आणि किमान लीड टाइम, म्हणजे ऑर्डरपासून माल येईपर्यंतचे दिवस, पाहतो. चढउतार कोणी मोजतच नाही, कारण आवक रजिस्टरमध्ये तारखा असतात, पण त्या ऑर्डरच्या तारखांशेजारी कोणी मांडत नाही. सूत्रातील आकडे अर्थातच प्रत्येक भागासाठी बदलतील. दिवसाला दोन नग लागणाऱ्या भागाला हे गणित जसेच्या तसे लावू नये.

मग पुरवठादार अनियमित का असतो? येथे आपल्या ९० दिवसांकडे यावे लागेल. मी नोकरीत असताना एका कारखान्यात (नाव सांगत नाही) वित्त विभागाने सगळ्या पुरवठादारांची उधारी ४५ दिवसांवरून ९० दिवसांवर नेली. त्या तिमाहीत रोख प्रवाह सुरेख दिसला आणि आमचे कौतुकही झाले. तीन-चार महिन्यांनी हीट ट्रीटमेंटवाल्याकडून माल परत यायला वेळ लागू लागला. मी त्याच्या शेडमध्ये जाऊन उभी राहिले तेव्हा दिसले की भट्टीत आधी जात होता तो रोख देणाऱ्याचा माल. आमची चलने खिळ्याला टांगलेली होती. त्याने आमच्याशी भांडण केले नाही, दरही वाढवला नाही. त्याने फक्त आम्हाला रांगेत मागे ढकलले, आणि त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केले असते. उधारी वाढवून आम्ही जे बिनव्याजी भांडवल मिळवले म्हणत होतो, त्याचे व्याज आम्ही राखीव साठ्याच्या आणि खास टेम्पोच्या रूपाने भरत होतो; ते वेगळ्या खात्यात पडत होते एवढेच.

यावर आपण म्हणाल की सगळ्यांना ४५ दिवसांत पैसे द्यायचे तर १ कोटी ८५ लाख लागतील, म्हणजे साठ्यातून सुटणाऱ्या रकमेपेक्षा जास्त. बरोबर आहे, आणि म्हणूनच हे सरसकट करायला मी सांगणार नाही. परंतु दोन गोष्टी विचारात घ्याव्यात. आपली हीट ट्रीटमेंट आणि प्लेटिंगची मिळून वर्षाची बिले १ कोटी २० लाखांची आहेत. त्यांना ४५ दिवस आधी पैसे देण्यासाठी केवळ १५ लाख अडकतील, आणि आपल्या उशिराची बहुतेक प्रकरणे, आपण दिलेल्या यादीवरून तरी, याच दोन ठिकाणी अडलेली आहेत. दुसरी गोष्ट कायद्याची आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांना लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, आणि उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट व्याज मासिक चक्रवाढीने देणे लागते. शिवाय १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ४३ब(एच) आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून लागू झाले, तेव्हापासून मुदतीत न दिलेली रक्कम ज्या वर्षी प्रत्यक्ष दिली त्याच वर्षी खर्च म्हणून वजा मिळते. म्हणजे उद्यम नोंदणी (सरकारकडे सूक्ष्म वा लघु उद्योग म्हणून नोंद) असलेल्या प्लेटिंगवाल्याला किंवा कास्टिंग ओतणाऱ्या फाउंड्रीला मार्चअखेरीस मुदतीपलीकडे थकवून ठेवले, तर त्या रकमेवर आपण आधी कर भरता. निव्वळ व्यापाऱ्यांना हे संरक्षण नाही, त्यामुळे स्टीलच्या व्यापाऱ्याशी उधारीची बोलणी वेगळी करता येतील. आपल्या सनदी लेखापालांना या दोन याद्या वेगळ्या करायला सांगावे.

हाच कायदा उलट बाजूने आपल्यालाही लागू आहे. १ एप्रिल २०२५ पासून लघु उद्योगाची उलाढालीची मर्यादा १०० कोटी आहे, म्हणजे उलाढालीच्या निकषावर आपण स्वतः लघु उद्योग आहात. मुख्य ग्राहकावर व्याजाचा दावा लावावा असे मी सुचवणार नाही; तसे करून पुढच्या वर्षीची ऑर्डर टिकवलेला पुरवठादार माझ्या पाहण्यात नाही. मात्र २५० कोटींहून अधिक उलाढाल असलेल्या कंपन्यांना बिलवटावाच्या, म्हणजे बिलाचे पैसे मुदतीआधी मिळवून देणाऱ्या, ट्रेड्स या व्यवस्थेत नोंदणी करणे आता बंधनकारक आहे. ग्राहकाने बिल तेथे मान्य केले तर आपल्याला काही दिवसांत पैसे मिळतात आणि व्याजाचा दर ग्राहकाची पत पाहून ठरतो, आपली पत पाहून नाही. नोंदणी असली तरी बिल तेथे घेतलेच पाहिजे असे बंधन नसते, म्हणून ग्राहकाच्या वित्त विभागाशी आपणहून बोलावे लागेल.

आता ग्राहकाकडे पाहू. ग्राहक जस्ट-इन-टाइम चालवतो तेव्हा साठा नाहीसा होतोच असे नाही. पुष्कळदा तो त्याच्या दारातून आपल्या दारात येतो. चाकणला त्याच्या कारखान्याजवळ गोदाम घ्या, तेथे दहा दिवसांचा माल ठेवा आणि लाइनवर उचलला त्या दिवसापासून बिल धरा, अशी अट असेल, तर त्याच्या कामगिरीत झालेली सुधारणा आपल्या ताळेबंदातून आलेली असते. पुरवठा साखळी सुधारली की सगळ्यांचाच फायदा होतो, हे विधान मी म्हणूनच जपून वापरते. सुधारणेचा लाभ कोणाच्या खिशात जाईल हे साखळीत जोर कोणाचा आहे यावर ठरते आणि आपल्या आकाराच्या कंपनीने दर ठरवताना त्या गोदामाचे भाडे आणि दहा दिवसांचे व्याज त्यात धरलेच पाहिजे.

परंतु ग्राहकाकडून एक गोष्ट फुकट मिळू शकते, आणि ती म्हणजे माहिती. आपल्याला महिन्याचे शेड्यूल मिळते आणि ते महिन्यात दोन-तीन वेळा बदलते. मी आग्रहाने मागत आले ती ग्राहकाच्या लाइनची साप्ताहिक योजना, कच्ची असली तरी. शेड्यूलमध्ये त्याच्या नियोजकाची भीती मिसळलेली असते. सणासुदीआधी तो २० टक्के जास्त लिहितो, आपण त्यावर स्वतःचे १० टक्के चढवतो, फाउंड्री आणखी चढवते, आणि दिवाळीनंतर सगळ्यांच्या स्टोअरमध्ये तोच माल शिल्लक दिसतो. मागणी थोडी हलली की मागच्या प्रत्येक टप्प्यावर ती अधिक जोरात हलते, ही गोष्ट फार जुनी आहे. आपल्या बाजूनेही एक दोष पाहावा. आपल्या महिन्याच्या डिस्पॅचपैकी निम्म्याहून अधिक शेवटच्या आठवड्यात जात असेल, तर तो चढउतार आपणच तयार करून पुरवठादारांकडे पाठवत आहात.

सल्लागाराच्या जस्ट-इन-टाइमबद्दल माझे मत सावध आहे. या पद्धतीचा उगम जिथे झाला त्या टोयोटाचा अनुभव दोन्ही बाजूंनी बोलका आहे. १ फेब्रुवारी १९९७ रोजी आयसिन कंपनीच्या कारिया येथील कारखान्याला आग लागली. ब्रेकसाठी लागणारा एक छोटा व्हॉल्व्ह टोयोटाला जवळजवळ सगळा तेथूनच मिळत होता आणि साठा अगदी थोडा होता. जपानमधल्या बहुतेक लाइनी बंद पडल्या. पण इतर पुरवठादारांनी, दराची आणि कराराची बोलणी होण्याआधीच, आपापल्या मशीनवर तो व्हॉल्व्ह बनवायला घेतला आणि साधारण आठवड्याभरात उत्पादन रुळावर आले. कमी साठ्याची जोखीम तेथे वर्षानुवर्षांच्या संबंधांनी तोलून धरली होती. पुढे २०११ च्या भूकंपानंतर त्याच कंपनीने काही भागांचा, विशेषतः चिपचा, काही महिन्यांचा साठा पुरवठादारांना ठेवायला लावला. त्यामुळे चिपटंचाईत ती इतरांपेक्षा अधिक काळ टिकली, तरी सप्टेंबर २०२१ मध्ये तिलाही जगभरचे उत्पादन ठरल्यापेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी कमी करावे लागले.

आपल्याला हे लागू करायचे तर भाग वेगळे करून पाहावे लागतात. आपली कास्टिंग कोल्हापूरच्या गोकुळ शिरगावहून येतात, म्हणजे प्रत्येक गाडी पंचगंगा ओलांडून येते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरात तो महामार्ग कोल्हापूरजवळ काही दिवस बंद राहिला होता. त्यामुळे जून ते सप्टेंबर या काळात मुख्य दोन-तीन कास्टिंगचा आठवडाभराचा जादा साठा ठेवण्यात मला काहीही गैर वाटत नाही. तसेच आपला जर्मनीला जाणारा माल. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे न्हावा शेवाहून युरोपला जाणारी जहाजे केप ऑफ गुड होपला वळसा घालू लागली आणि प्रवास दहा-चौदा दिवसांनी लांबला. तेवढे दिवस आपला माल पाण्यावर आणि पैसा अडकलेला. असे वळसे पडतात तेव्हा निर्यातीच्या दरात आणि ग्राहकाने तेथे ठेवायच्या साठ्यात ते धरले आहेत का, हे तपासावे. उलट स्थानिक पॅकिंग, हार्डवेअर, कूलंट यांसारख्या वस्तू भोसरीतच तासाभराच्या अंतरावर मिळतात. त्यांचा महिन्याचा साठा कशासाठी? तेथे दोन बिनची साधी पद्धत लावा, एक बिन रिकामा झाला की फोन करायचा. त्यासाठी सल्लागार लागत नाही.

सॉफ्टवेअरविषयी फार लिहीत नाही. ते वाईट नसते, पण चुकीच्या लीड टाइमवर चालणारे सॉफ्टवेअर चुकीच्या ऑर्डरी अधिक वेगाने काढते. आपल्या सिस्टीममध्ये प्रत्येक पुरवठादाराचा लीड टाइम ७ दिवस असाच भरलेला आहे, हे आपणच लिहिले आहे.

म्हणून प्रस्तावावर सही करण्याआधी पंधरा दिवस स्वतःला द्या. गेल्या सहा महिन्यांचे आवक रजिस्टर आणि जॉब वर्कची चलने घ्या, सर्वाधिक खपाचे वीस भाग निवडा, आणि प्रत्येक ऑर्डरची तारीख, कबूल केलेली तारीख व प्रत्यक्ष आवक एका साध्या एक्सेल शीटमध्ये शेजारी शेजारी मांडा. प्रत्येक पुरवठादाराची सरासरी नव्हे, तर सर्वांत लवकरची आणि सर्वांत उशिराची वेळ पाहा. त्याच शीटमध्ये आणखी एका रकान्यात त्याला शेवटचे बिल किती दिवसांनी मिळाले तेही लिहा. माझा अंदाज आहे की वीसपैकी चार-पाच नावांपुढे दोन्ही आकडे एकदमच मोठे दिसतील आणि त्यांत प्लेटिंगवाला असेल. त्याच्याकडे जाताना खरेदी अधिकाऱ्याला पाठवू नका, स्वतः जा, आणि त्याचे थकलेले चेक सोबत न्या. मग त्याला दर कमी करायला सांगू नका. आठवड्यातले कोणते दोन दिवस तो आपला माल नक्की परत देऊ शकेल, एवढेच विचारा.